सगळ्या गल्लीचा

वसंता गल्लीच्या तोंडाशी आली आणि जागच्या जागी थबकली. करंजाच्या झाडाखाली, जिथं तिच्या नवऱ्याचं शिलाई मशीन असायचं, तिथं सगळी गल्ली जमली होती. एरवी दूध घ्यायलासुद्धा फाटकाबाहेर न येणारी माणसं ती! बँकेतून निवृत्त झालेले नरसिंगराव होते, सीतालक्ष्मम्मा होत्या, वकील साकेत तर काळा कोट चढवून आला होता.

"अण्णा, काय झालं?" तिनं नरसिंगरावांना विचारलं.

"काय व्हायचंय? निघालो सगळे. त्याला सोडवून आणल्याशिवाय माघारी यायचं नाही, कळलं?"

वसंताला हुंदकाच फुटला.

परवा ती कामावर असताना पोलीस रंगनाथला घेऊन गेले होते. कोपऱ्यावरच्या घरात चोरी झाली होती आणि आदल्या दिवशी रंगनाथ तिथं पडद्यांची मापं घ्यायला गेला होता. गुन्हा म्हणाल तर एवढाच. ती धावत ठाण्यात गेली, तर फौजदार म्हणाला, असला कुणी माणूस इथं नाहीच. तेवढ्यात मागच्या खोलीतून "विठ्ठला, मेलो रे" असा आवाज आला. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचा आवाज कळत नाही होय? पण फौजदारानं तिला हाताला धरून बाहेर काढलं.

काल दिवसभर ती दारोदार फिरली. चार मोठी माणसं ठाण्यात येऊन उभी राहिली, तर त्याला मारायचं तरी थांबवतील, एवढीच तिची आशा. नरसिंगराव म्हणाले, पोलीस सुम्ने, उगाच, कुणाला नेत नाहीत. सीतालक्ष्मम्मांनी आत बोलावून कॉफी पाजली आणि दोन फटके बसतील, खरा असेल तर सुटेल, असं समजावलं. साकेतनं दसरा उरकल्यावर ये म्हणून सांगितलं. घरी येऊन तिनं सगळ्या गल्लीला शिव्यांची लाखोली वाहिली, खोटं कशाला बोला. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं तोंड थांबलं नव्हतं.

आता तिची तिलाच लाज वाटली. माणसं वाईट नसतात बाई, त्यांना जरा वेळ लागतो, एवढंच. आपणच घाई केली.

सीतालक्ष्मम्मा पदरानं डोळे पुसत सांगत होत्या, गळ्यात फास अडकवून त्याला फरफटत नेलं, दूधवाल्यानं डोळ्यांनी पाहिलं. हे वसंताला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं पदर तोंडाला लावला. सीतालक्ष्मम्मांनी तिला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला. "रडू नको गं. तुझा किती जीव त्याच्यावर, मला ठाऊक नाही का?"

साकेत सगळ्यांना नियम समजावत होता. नोटीस नाही, नोंद नाही, असं कुणी कुणाला उचलून नेऊ शकत नाही. मारहाण तर मुळीच करता येत नाही. आणि जिथून नेलं, तिथंच सुखरूप आणून सोडायची जबाबदारी नेणाऱ्याची. वसंता कान देऊन ऐकत होती. गरिबासाठी एवढा कायदा करून ठेवलाय, याची तिला कल्पनाच नव्हती.

नाव कुणीच घेत नव्हतं. सगळे आपले "तो", "त्याला" असं एकेरीच बोलत होते. त्याचं तिला काही वाटलं नाही. रंगनाथला गल्ली एकेरीच हाक मारायची, तीही मायेनं. आणि नवऱ्याचं नाव तर तिनंही कधी तोंडातून काढलं नव्हतं.

"अण्णा, तुमचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत," ती म्हणाली.

"अय्यो, उपकार कसले? तो काय तुझ्या एकटीचा? सगळ्या गल्लीचा आहे."

मोर्चा निघाला. "बेके बेकु, न्याय बेकु," न्याय हवाच हवा, म्हणून नरसिंगराव बेंबीच्या देठापासून ओरडत होते. वसंताही ओरडायला लागली. तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

ठाण्यासमोर आल्यावर तोच फौजदार स्वतः रस्त्यावर उतरला आणि मोर्च्यासाठी त्यानं गाड्या थांबवून धरल्या. नरमला मेला, वसंताला वाटलं. ती फाटकाकडे वळली, तशी नरसिंगरावांनी तिला हाक मारली. "इथं कुठं थांबतेस? साहेब पुढं बसतात." बरोबरच आहे, ती मनात म्हणाली, जायचं तर वरच्या साहेबाकडेच जावं. मागच्या खोलीकडे एकदा बघून ती पळत सगळ्यांना जाऊन मिळाली.

मोर्चा एका मोठ्या कचेरीच्या आवारात शिरला. कचेरी कसली, हे बघायचं तिला भान नव्हतं. साहेब बाहेर आले ते हात जोडूनच. आमच्या माणसांची चूक झाली, म्हणाले, त्याला काही इजा झालेली नाही, आत्ता इथंच आणायला सांगतो. लोकांनी जल्लोष केला. वसंतानं डोळे मिटून विठ्ठलाला हात जोडले. घरी गेल्या गेल्या कढत पाण्यानं अंग शेकायचं, हळद-दूध द्यायचं, आणि मशीनवर आठवडाभर बसू द्यायचं नाही, असं तिनं ठरवूनही टाकलं.

सीतालक्ष्मम्मांनी मोगऱ्याचा हार तिच्या हातात दिला. "तूच घाल. तुझ्या हातचं खायचा ना तो. तुझाच मान."

बंद गाडी आवारात येऊन उभी राहिली. वसंतानं डोक्यावरून पदर नीट घेतला आणि हार सावरत ती पुढं झाली. सगळी गल्ली तिच्यामागं उभी होती. शिपायानं मागचं दार उघडलं, आणि टाळ्यांच्या कडकडाटात, शेपूट हलवत, गल्लीतला तांबडा कुत्रा खाली उतरला.