एक टाचणी कमी

लेक रांगायला लागल्यापासून मी शिवण संपली की टाचण्या मोजूनच डबी बंद करते. आज एक कमी भरली. चटई झटकली, पलंगाखाली झाडू फिरवला, लेकीच्या तोंडात बोट घालून पाहिलं. कुठेच नाही. म्हणजे ती आज शिवलेल्या गोधडीतच राहिली असणार, आणि गोधडी तर दुसऱ्या कुणाच्या तान्ह्या बाळाची! नाइलाजाने मी सगळी शिवण उसवली, आतला कापूस बोटांनी पिंजून काढला.

तेवढ्यात त्या बाळाची आजी गोधडी न्यायला दारात हजर.

"अहो, बाळ आज घरी यायचंय! एका टाचणीपायी अख्खी उसवलीत? घरगुती कामाचं हे असंच. दुकानातूनच घेते आता." बाई तरातरा निघूनही गेल्या.

संध्याकाळी नवरा आला. कापसाच्या ढिगाकडे बघत म्हणाला, "हे काय, आज काहीच काम झालं नाही वाटतं?" मग शर्ट काढून माझ्या हातात दिला. "सवडीने बटण लाव गं. सकाळी तुझ्या डबीतली टाचणी लावून गेलो. म्हटलं, तू कामात आहेस, कशाला उगाच त्रास द्यायचा!"