सेवकरामची शिकवणी

"हात नको हलवू, मूर्खा," कृष्णराव म्हणाले. "चितळाले रंग कमी दिसते. हललेलं पयले दिसते."

सेवकरामने हात मांडीवर ठेवला. दोघे मचाणावर बसले होते. खाली सेवकरामचा हरभरा होता, घाटे धरलेला. धुऱ्याच्या बांधापलीकडे नाकाडोंगरीचं जंगल, आणि सूर्य नुकताच सागाच्या मागे गेलेला. हीच चितळांची वेळ. गेल्या साली त्यांच्या कळपाने हे वावर असं साफ केलं की त्याच्या बायकोने, शकुनबाईने, घरी नुसत्या काड्या आणल्या. यंदा हरभरा गेला, तर घरातली वर्षाची डाळ गेली.

म्हणून सेवकरामने कृष्णरावांचे पाय धरले होते. काकाजी, मले तीरकमठा शिकवा.

कृष्णराव रोज दिवेलागणीला येत आणि उजाडेपर्यंत थांबत. खांद्यावर बांबूचा जुना कमठा, कानाला बिडी. तरुणपणी आपण किती जनावरं पाडली, हे ते सांगत. पाहिलेलं कोणी उरलं नव्हतं. पण शिकवताना ते हातचं काही राखत नसत.

"वारा तोंडावर घ्याचा. पाठीवर असला का तुहा वास जाते त्याच्या नाकात, अन् ते जाते मध्य प्रदेशात. साबणानं आंघोळ कराची नाही. बिडीचं त नाव बी घ्याचं नाही." त्यांनी कानावरची बिडी काढून पेटवली. "मी ओढली त चालते. माह्या बिडीची त्यायले सवय हाय."

"हो जी."

"मचाणावरून तीर वर जाते, म्हणून नेम जरा खाली. जनावर आडवं उभं राहू दे. पुढचा पाय पुढं टाकला का खांद्याच्या मागं सोड. समोरून माराचं नाही. लागल्यावर मागं धावाचं नाही, जागेवर बसाचं. समजलं?"

"समजलं जी. पण काकाजी, वारा कोणीकडून येऊन राहिला, हे कसं समजाचं?"

कृष्णरावांनी कपाळावर हात मारला. हेच त्याने काल विचारलं होतं. परवाही.

"अरे बैला!" ते ओरडले. आवाज जंगलावर आपटून परत आला. "बोट थुंकीनं ओलं कर! कितीदा सांगू? गेल्या साली तो घनश्याम असाच. सारा हंगाम घालवला, एक तीर धड सुटला नाही. त्याच्या आंधी तो बाबुलाल. या गावाच्या डोक्यात भुसा भरला हाय भुसा!"

सेवकराम मान खाली घालून ऐकत राहिला. तेवढ्यात शकुनबाई डबा घेऊन आली. तांदळाची भाकर आणि वांग्याची लालभडक भाजी.

"काकाजी, काल तो वाघाचा किस्सा अर्धाच राहिला," ती खालून म्हणाली. "जेवता जेवता सांगा न जी."

बाईमाणसाला तरी आपली किंमत आहे, असं कृष्णरावांना वाटलं. त्यांनी किस्सा सांगितला, वाघाच्या डरकाळीसकट. त्या रात्री चितळ आलं नाही.

दुसऱ्या रात्रीही नाही. आठवडे गेले. एकदाच, अंधार पडता पडता, धुऱ्यावर एक मोठा नर येऊन उभा राहिला. अगदी आडवा. सेवकरामने कमठा उचलला, दोरी कानापर्यंत ओढली.

"थांब," कृष्णराव कुजबुजले. "पाय पुढं टाकू दे."

"कोणता पाय जी?" सेवकरामने विचारलं. चांगलं मोठ्याने.

"पुढचा!" कृष्णराव गरजले, आणि धुरा रिकामा झाला.

 मग कृष्णराव कमठा घेऊन शिडी उतरू लागले.

"भित्रा तो भित्राच. चितळाले भेतं का फॉरेस्टवाल्याले?"

"दोघायले बी भेतो जी."

"उद्यापासून मी येत नाही. तुह्यापरीस गाढव लवकर शिकन."

सेवकराम धडपडत खाली आला आणि त्याने त्यांच्या पायांना मिठी घातली. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "असं नका करू जी, काकाजी. घाटे अजून वाळले नाही. आता तुमी गेले त मी मेलो."

डबा न्यायला आलेल्या शकुनबाईनेही पदर पसरला. कृष्णरावांनी दोघांकडे पाहिलं. माणसाने इतकं लाचार असू नये, असं त्यांच्या मनात आलं. ते पुन्हा वर चढले.

पंधरवड्यात हरभरा सोंगून खळ्यावर आला. ढीग सेवकरामच्या छातीला लागत होता. कृष्णराव निकाल सांगायला तिथे गेले.

"यंदा चितळं आले नाही, हे तुहं नशीब. बाकी शिकार काही तुह्या हातात नाही."

"नाही जी," सेवकराम म्हणाला.

खळ्याच्या कडेला शेजारचा जीवन हात जोडून उभा होता. त्याचा उन्हाळी धान जंगलाला लागूनच होता, नुकता पोटरीत आलेला.

"काकाजी, मले बी तीरकमठा शिकाचा हाय जी."

कृष्णरावांनी त्याला खालून वर न्याहाळलं. "डोकं हाय का?"

"जास्त नाही जी."

"दिसूनच राहिलं." त्यांनी कमठा खांद्यावर टाकला. "सांजच्याले येतो. आंघोळ करू नको."

ते वळणाआड गेले. मग ढिगाजवळ बसलेल्या शकुनबाईने मचाणावरची घोंगडी झटकली आणि जीवनच्या हातात दिली.

"भाजी झणझणीत करजो," ती म्हणाली. "रातभर खोकते मंग. घनश्यामनंच सांगतलं होतं आमाले. एक घाटा नाही गेला माहा. वावराच्या जागलीले असा माणूस साऱ्या तालुक्यात नाही."