मनगटाचा दोरा

बासष्ट साली परचुरेबाई दौंडच्या रेल्वे चाळीत आल्या. घरात मार खाणाऱ्या बायकांच्या मनावर काय परिणाम होतो, याचा त्या पुण्याच्या कॉलेजासाठी अभ्यास करत होत्या. दारोदार विचारून दमल्या. चाळीत एकीलाही नवरा मारत नव्हता.

शेवटची खोली म्हाळसाची.

"नवरा हात उचलतो का गं?"

"छ्या! आमचं मालक लई मायाळू हायेत," म्हाळसानं हसून चहाची कपबशी पुढं केली.

तेवढ्यात इंजिनाच्या शेडचा भोंगा झाला. बोलता बोलताच म्हाळसा हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवायला लागली. एकेक करून बाजरीच्या डब्यात जपून ठेवल्या. सवाष्णीचं मनगट मोकळं दिसू नये म्हणून हळदीचा दोरा तेवढा बांधला. भिंतीपलीकडच्या खोलीतूनही बांगड्यांची किणकिण आली.

"आज कसली पूजा आहे का?" बाईंनी कौतुकानं विचारलं.

 

"न्हाई ओ बाई. मालक घरी यायची येळ झाली. रोज हातातच बांगड्या पिचाय लागल्या, तर अपशकुन त्यांच्याच जिवाला न्हाई का?"