पिवळ्याचा एक हात

दुसऱ्याच्या वस्तूला विचारून हात लावायची सवय कैलासला कधीच नव्हती, पण आज त्यानं कहर केला. पडवीला मारून उरलेला पिवळा डिस्टेंपर घेतला आणि बायकोनं काढलेल्या हॉलमधल्या चित्रावरून सरळ रोलर फिरवला. वर कोपऱ्यात एक सूर्यही काढला, बालवाडीतली पोरं काढतात तसा, डोळे-तोंड असलेला.

रत्नाबाई दारातच थबकल्या. रंग अजून ओला होता.

“ह्ये काय केलंस रं?”

“आई, गिऱ्हाइकाला भ्या वाटतं त्या काळ्याचं. मागच्या रविवारी पुण्याची बाई म्हणली, हितं बसवत न्हाई. आज संध्याकाळी बारा जण मुक्कामाला यायचेत. जरा खुलतं दिसाय नको?”

रत्नाबाईंना ते चित्र कधी आवडलं नव्हतं. ना झाड, ना देव, ना माणूस. नुसता काळा, त्याच्या पोटात राखाडी आणि खाली करंगळीएवढी तांबडी रेघ. भाताचा राब भाजल्यावर जमीन दिसते तसं. सुनेच्या तोंडावरच त्यांनी ते सांगितलंही होतं. पण स्नेहल ब्रश टाकून तो काळा तळव्यानं रेटत होती, दार ढकलावं तसा, तेव्हा त्या उंबऱ्यातूनच मागं फिरल्या होत्या. वैशाखात तिचा बाप गेला. घरात मुक्कामाची माणसं होती म्हणून कैलासनं तिला जेवणं उरकल्यावर सोडलं. ती पोचली तेव्हा सरण विझलं होतं. तिथं ती रडली नाही, इथं येऊनही नाही. जे काही झालं ते त्या कापडावर.

रत्नाबाईंनी पदर ओला केला आणि पिवळा पुसायला लागल्या. काळा वर आला, पण त्याच्या चिरांत पिवळा घट्ट बसला होता.

“आई, लुगडं खराब हुतंय,” कैलास म्हणाला.

स्नेहल पिठाच्या हातांनी बाहेर आली. चित्राकडं बघत राहिली.

“आता बरं दिसतंय ना गं?” कैलासनं विचारलं.

“असू द्या. तव्यावर भाकरी हाय,” ती म्हणाली आणि आत वळली.

तो सपाट आवाज ऐकून रत्नाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तिच्या मागोमाग आत गेल्या, गॅस बंद केला, परातीतलं पीठ झाकलं आणि परत लेकासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“फोन कर त्या बारा जणांना. म्हणावं, येऊ नका, घरात सुतक हाय.”

“कुणाचं?”

“हिच्या बापाचं.”

“आई, चार म्हैनं झालं त्याला.”

“तवा तू धरू दिलं न्हाईस आन् मी बी गप बसून भाकऱ्या थापल्या. लेकीला बापाचं तीन दिस असतं, ते आजपास्नं. तीन दिस हिच्या हातचं पाणी कुणाला चालायचं न्हाई, कैलास. तुझ्या हातचं मला हितनं पुढं चालायचं न्हाई.”