शेवटची घागर

मारतहळ्ळीतल्या आमच्या गल्लीचा नळ महिनाभर कोरडा आहे. अप्पा अंथरुणाला खिळलेले. सकाळपासून ते घाणीतच पडून होते आणि त्यांना पुसायला घरात शेवटची एक घागर उरली होती. आमचे हाल बघायला खुद्द मंत्री येणार, हे कळल्यावर सगळी गल्ली दारात येऊन उभी राहिली.

मंत्री आमच्या उंबऱ्याशी आले, तशी आई तीच घागर उचलून पुढं निघाली.

मी तिचा हात धरला. "आई, ते अप्पांचं पाणी आहे! मतं मागून गेला तो आज उगवलाय, त्याचे कसले पाय धुतेस?"

"गप रे! दारी आलेल्याला कोरड्या पायानं आत घेऊ? आणि टँकर त्यांच्याच शब्दावर येणार आहे ना?"

तिनं अर्धी घागर त्यांच्या पायांवर ओतली. उरलेलं पाणी त्यांच्या माणसांनी पिऊन संपवलं. "बरं वाटलं, अक्का," म्हणत मंत्र्यांनी हात जोडले, फोटो निघाले.

गाडीत बसता बसता ते अधिकाऱ्याला म्हणाले,



"इथं तर पाय धुवायलासुद्धा पाणी आहे. टँकर पुढच्या गल्लीला द्या."