बिनचिंचेचा सुरण

"माझे पाय कुणी धुतले नाहीत! विश्राम, मोड हे लग्न, चल घरी!" आमच्या ह्यांच्या आत्याबाई मांडवात गरजल्या. आवाज असा, की पलीकडच्या गावातल्या म्हशी आटल्या. अंतरपाटाआड मी हातातला हार घट्ट धरून ठेवला, कारण हे आत्याला इतके घाबरायचे की खरंच निघाले असते.

पुढचं ओरडायला आत्याबाईंनी तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. मुहूर्ताआधीच त्यांनी चुलीपाशी बसून सुरणाचे काप ताटभर हाणले होते. जीभ सुजून भाकरीएवढी झाली.

"अगं बाई, विष!" कुणीतरी किंचाळलं.

"विष कसलं? सुरणाची खाज आहे ती. गडबडीत कापांना चिंच लावायची राहिली," आई अगदी भोळेपणानं म्हणाली. "विहीणबाई, हे चोखा, आणि बोलू नका." तिनं लिंबाएवढा चिंचेचा गोळा त्यांच्या तोंडात कोंबला.

लग्न थांबवायला आत्याबाईंनी दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले.

"आत्याबाईंचा आशीर्वाद मिळाला!" भटजी ओरडले. "वाजवा रे!"

अंतरपाट खाली आला. समोर हे इतके खूश, की हार माझ्याऐवजी भटजींच्याच गळ्यात घालायला निघाले.