चिकट गिऱ्हाईक

"अरे, घास अजून तोंडात आहे माझ्या!" अण्णांनी दोन्ही हातांनी ताट धरून ठेवलं.

पलीकडून वेटर तेच ताट ओढत होता. उंच, हडकुळा बाप्या. अण्णांनी त्याचं नाव लंबू ठेवलं होतं. गेला महिनाभर याने नुसता उच्छाद मांडला होता. सूप अर्धं असतानाच वाडगा उचलायचा. भाताबरोबरच गोड आणून आदळायचा. "आणखी काही?" असं इतक्यांदा विचारायचा, की माणसाने 'काही नको रे बाबा' म्हणून उठावंच. आज तर डोक्यावरचा पंखा बंद केला आणि ओलं फडकं फिरवत फिरवत अण्णांच्या कोपरापर्यंत आणलं.

हे हॉटेल अण्णांनीच उभं केलेलं. आधी बायको गेली, मग गुडघे गेले, तेव्हा त्यांनी सगळं मुलाच्या नावावर करून दिलं. मागितलं एवढंच, की दुपारचं जेवण इथे, या कोपऱ्यातल्या टेबलावर. घरी एकट्याला घास उतरत नसे. इथे चार माणसांचे आवाज कानावर पडत. खांद्यावर नॅपकिन टाकून गल्ल्यावर बसलेला मुलगा दिसे, अगदी त्यांच्यासारखा. चष्म्यातूनही धूसरच दिसे, पण दिसे. "अण्णा, हे टेबल कायमचं तुमचं," असं तो म्हणाला होता.

"मला शिकवतोस होय रे?" अण्णा लंबूवर कडाडले. "चिकट गिऱ्हाईक उठवायची युक्ती माझीच आहे! कुणी चकाट्या पिटत बसलं, की मी उजव्या खांद्यावरचा नॅपकिन डाव्या खांद्यावर टाकायचो. एवढी खूण पुरे. पोरं लगेच पंखा बंद करायची, फडकं मारायची. पण ते ऐतखाऊंसाठी. मी काय ऐतखाऊ आहे?"

लंबूने मान खाली घातली.

आवाज ऐकून मुलगा धावत आला. "काय झालं, अण्णा?"

अण्णांनी सगळा पाढा वाचला. मुलगा लालबुंद झाला. "लाज नाही वाटत? माझ्या वडिलांच्या पुढ्यातलं ताट ओढतोस? उद्यापासून कामावर यायचं नाही!"

"मालक, पण..." लंबू एवढंच म्हणाला. हातातलं फडकं पिळत तिथेच उभा राहिला.

अण्णांना भरून आलं. शेवटी पोटचं पोर ते पोटचं पोर! मुलगा शेजारची खुर्ची ओढून त्यांना खेटून बसला. "तुम्ही जेवा सावकाश. मी बसतो इथे."

अण्णांचे डोळे वाहायला लागले. पुसायला त्यांचा हात सवयीने मुलाच्या उजव्या खांद्याकडे गेला. हाताला नुसता सदरा लागला.

नॅपकिन डाव्या खांद्यावर होता.

अण्णा बघत राहिले. मुलाच्या ते लक्षात आलं. त्याने नॅपकिन घाईघाईने ओढून मुठीत घेतला. "अण्णा, अहो, ते आपलं उकडत होतं म्हणून..."

अण्णांनी डोळे बाहीला पुसले. अर्धं भरलेलं ताट लंबूकडे सरकवलं आणि टेबलाचा आधार घेत उभे राहिले.

"याला काढू नकोस," ते मुलाला म्हणाले. "खूण बरोबर ओळखतो."